गोधडीचें कापड कसें पारखावें?

गोधडी किती दिवस टिकेल हें ती शिवणाऱ्या हातावर अवलंबून असतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हात कितीहि कसलेला असला तरी कापड कच्चें असेल, तर गोधडी दोन हिंवाळे काढीत नाहीं. आणि कापड पक्कें असेल, तर नवशिक्या मुलीच्या वेड्यावांकड्या धांवदोऱ्याची गोधडीहि वर्षानुवर्षें घरांत नांदते. एक साधा हिशेब करून पाहूं. गोधडीची लांबी २ मीटर व रुंदी दीड मीटर धरा. दोन-दोन सेंटिमीटरांच्या अंतरानें लांबीकडून धांवदोरे घातले, तर ७५ ओळी होतात आणि शिवण १५० मीटर चालते. दर सेंटिमीटरला एक टांका धरला, तर १५,००० टांके झाले. इतके टांके ज्या कापडावर पडावयाचे, तें घेण्यापूर्वीं थोडा वेळ तपासावें, एवढीच माझी विनंति आहे. आणि तें कसें तपासावें, तें आज सांगावयाचें आहे.

आपल्या आज्या-पणज्यांना ही तपासणी वेगळी करावी लागत नसे. त्यांचें कापड वापरांतच तपासलें गेलेलें असे. नऊवारी सुती लुगडें रोज पाण्यांतून निघे, दगडावर आपटलें जाई, उन्हांत वाळे. जें आटावयाचें तें पहिल्या कांहीं धुण्यांतच आटून गेलेलें असे. जो रंग जावयाचा तो गेलेला असे. खळ केव्हांच धुऊन निघालेली असे. लुगडें मध्यें विरलें म्हणजे विरलेला भाग काढून टाकीत आणि बाहेरचे पक्के भाग एकमेकांस जोडीत. याला दंड घालणें म्हणत. दंड घालूनहि जें नेसण्याजोगें राहत नसे, तें गोधडींत जाई. म्हणजे गोधडींत आलेला प्रत्येक तुकडा परीक्षा उतरून आलेला असे. बंगालची कांथा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांतहि हाच प्रकार दिसतो. जुन्या वस्त्राचा असा उपयोग करण्यांत काटकसर होती हें खरें, परंतु त्या काटकसरींत शहाणपणहि होतें. जुन्या कापडाचे गुणदोष उघड झालेले असतात. नव्याचे झांकलेले असतात.

आतां आमच्या भागाकडे पाहा. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ येथून माणसें आलीं, आणि त्यांच्या वळकटींत गांवाकडची एक तरी गोधडी आली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर तेथील बहुतेक गिरण्या पुन्हां सावरल्या नाहींत, आणि कापडाचा धंदा भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी व सुरत येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक गेला. सुरतेची पॉलिएस्टरची साडी हलकी, चटकदार, लवकर वाळणारी आणि स्वस्त. तिनें घरोघर सुती लुगड्याची जागा घेतली. म्हणून आज एखाद्या घरीं गोधडीसाठीं जुन्या कपड्यांचें गांठोडें सोडलें, तर त्यांत निव्वळ सुती तुकडा क्वचितच हातीं लागतो. मग नवें कापड आणावें लागतें. कोणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेल्या पिंपरी कॅम्पांतील दुकानांत जातात, कोणी पुण्यास रविवार पेठेंतील कापडगंजांत. जें काम पूर्वीं काळ करीत असे, तें आतां आपणांस दुकानांत उभ्या उभ्या आणि घरच्या बादलींत करावयाचें आहे. त्यासाठीं पुढील कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी उजेडाची. कापडाचा एकच पदर दारांतील उजेडासमोर धरा. उभे धागे म्हणजे ताणा व आडवे धागे म्हणजे बाणा. दोन्ही सारख्या अंतरानें बसलेले दिसले पाहिजेत. कोठें दाट, कोठें विरळ असे पट्टे दिसले, किंवा मध्येंच जाड धाग्याच्या रेघा दिसल्या, तर मागावर बाणा सारखा ठोकला गेलेला नाहीं असें समजावें. असें कापड विरळ जागीं आधीं फाटतें. खादीचा धागा हातानें काढलेला असल्यामुळें त्याची जाडी थोडी कमीअधिक असते. तो दोष नव्हे. विणीमध्यें पडलेली फट हा मात्र दोष होय.

येथेंच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जितकें दाट तितकें उत्तम, असें अनेकांस वाटतें. पलंगपोसाच्या कापडास तें कदाचित् लागू पडेल. गोधडीस पडत नाहीं. हातशिवणीच्या गोधडींत सुईला एका वेळीं चार-पांच थर भेदावयाचे असतात. परदेशांत ठिगळकामाच्या रजयांसाठीं जें खास सुती कापड विणतात, त्यांत दर इंचास उभे व आडवे प्रत्येकीं साधारण ६० ते ७५ धागे असतात. याहून फार दाट कापडावर सुई अडते, बोटें दुखतात आणि टांके लांब पडूं लागतात. पुठ्ठ्याला एक इंचाची चौकोनी खिडकी पाडावी, ती कापडावर ठेवावी आणि सुईच्या टोंकानें धागे मोजावे. भिंग असल्यास काम सोपें होतें. दुकानदार 'साठ नंबर', 'चाळीस नंबर' असें म्हणतो, तो आंकडा निराळा. एक पौंड सुतांत ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणून साठ नंबरचें सूत वीस नंबरच्या सुताहून बारीक असतें. मोठा नंबर म्हणजे अधिक मजबुती, असा अर्थ कोणीं करूं नये.

दुसरी कसोटी हाताची. नवें कापड कडक व भारदस्त लागलें म्हणजे तें चांगलें, असें मानण्याची घाई करूं नये. माग चालतांना ताण्याचे धागे तुटूं नयेत म्हणून त्यांस खळ देतात, आणि कापड जाड भासावें म्हणून कधीं कधीं तयार झाल्यावरहि ती भरतात. ही युक्ति जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतांना लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला. तेव्हां तेथील गिरण्यांनीं सुताची उणीव खळ आणि चिनी माती यांनीं भरून काढण्याचा सपाटा लाविला, आणि असलें कापड हिंदुस्थानच्या बाजारांतहि आलें. परीक्षा सोपी आहे. कापडाचा कोपरा दोन्ही हातांच्या मुठींत धरून धुणें चोळतात तसा चोळावा. काळ्या कापडावर पांढरी भुकटी पडली, किंवा कोपरा एकदम लुळा पडून विरळ दिसूं लागला, तर आपण सुताबरोबर खळीचेहि पैसे देत आहोंत. घरीं वजनकांटा असेल, तर नमुना धुण्यापूर्वीं व पुरा वाळल्यावर तोलावा. १०० ग्रॅमांचे ८८ भरले, तर बारा ग्रॅम पाण्यांत गेले.

तिसरी कसोटी नखाची. कापड ताठ धरून अंगठ्याच्या नखानें आडवें ओरखडावें. धागे सरकून तेथें जाळी पडली आणि ती हातानें चोळूनहि मिटली नाहीं, तर विणीला पकड नाहीं. अशा कापडांत टांका धाग्यांमधून ओघळतो आणि कडेची शिवण उसवते. याच वेळीं जवळची सुई एकदां टोंचून काढावी. भोंक नखानें घांसून मिटलें पाहिजे. तें तसेंच राहिलें, किंवा छापलेल्या रंगाचा पापुद्रा उडून पांढरा ठिपका दिसला, तर १५,००० टांक्यांनंतर त्या कापडाची काय दशा होईल, याचा विचार करावा.

चौथी कसोटी धाग्याच्या जातीची. आणि आजच्या काळीं हीच सर्वांत महत्त्वाची आहे. बाजारांत 'कॉटन' हा शब्द कित्येकदां धाग्याऐवजीं कापडाच्या रूपालाच लावितात. डोळ्यांस फसवितां येतें, विस्तवास येत नाहीं. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढावे. ताण्याचे व बाण्याचे वेगवेगळे ठेवावे. कारण कांहीं कापडांत एक सुती व दुसरा कृत्रिम असतो. चिमट्यानें धरून, खालीं स्टीलचें ताट ठेवून, पडद्यांपासून व मुलांपासून दूर ते जाळावे. सूत कागदासारखें जळतें, वासहि जळक्या कागदाचाच येतो, आणि मागें मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतें, वितळतें, काळसर धूर सोडतें आणि थंड झाल्यावर कठीण मणी होऊन बसतें. रेशीम व लोंकर यांस जळक्या केंसांचा वास येतो. राखेंत कठीण खडे लागले, तर तें मिश्र सूत, म्हणजे आपल्या ओळखीचें टेरिकॉट, समजावें. रेयॉन मात्र सुतासारखेंच जळतें. तेथें पाण्याची मदत घ्यावी. धागा मध्यें ओला करून ओढावा. कापसाचें सूत ओलें झाल्यावर अधिक बळकट होतें; रेयॉन ओल्या जागीं पटकन् तुटतें. जें कापड ओलें असतां दुबळें होतें, तें गोधडीसारख्या जड वस्तूंत धुण्याच्या वेळींच दगा देणार.

कृत्रिम धाग्याविषयीं मी इतकें कां सांगतों? तो टिकाऊ नाहीं म्हणून नव्हे; तो सुतापेक्षांहि टिकाऊ आहे. परंतु आपण गोधडी अंगाला लावून झोंपतों. नेहमींच्या दमट हवेंत कोरडें सूत आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी शोषून ठेवतें. पॉलिएस्टर अर्धा टक्काहि शोषीत नाहीं. म्हणून पौषांतल्या रात्रीं पॉलिएस्टरखालीं प्रथम थंडगार आणि पहाटे घामट वाटतें. दुसरी गोष्ट विस्तवाची. सूत पेट घेतें, आणि लवकर घेतें. त्या बाबतींत तें निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. पण पॉलिएस्टर वितळून कातडीस चिकटतें. एका खोलींत चूल आणि अंथरूण दोन्ही असतील, तेथें कोणतीहि गोधडी शेगडीपासून दूरच असावी. आणि तान्ह्या मुलाच्या दुपट्यास तर धुतलेलें, मऊ, निव्वळ सुती कापडच असावें.

पांचवी कसोटी बादलीची. सर्व कापड एकदम न घेतां आधीं पाव मीटर घ्यावें. त्यावर पेन्सिलीनें २० सेंटिमीटरांचा चौकोन आंखावा. कोमट पाण्यांत साबणानें धुऊन, सावलींत वाळवून, इस्त्री करून पुन्हां मोजावा. एक बाजू १९.२ भरली, तर कापड शेंकडा चार आटलें. म्हणजे दोन मीटर लांबीला आठ सेंटिमीटर. अस्तर आटलें आणि वरचा थर आटला नाहीं, म्हणजे गोधडी फुगून तिच्या पोटांत सुरकुत्या पडतात, आणि त्यास मग उपाय राहत नाहीं. गिरणींतच कापड आटवून देण्याची रीत अमेरिकेंत सॅनफोर्ड क्लुएट यांनीं काढली. तिचें पेटंट १९३० चें. 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का पुढें आपल्याकडील गिरण्यांच्या कापडावरहि दिसूं लागला. शिक्का असला तरी चौकोन आंखण्याचा कंटाळा करूं नये.

त्याच बादलींत रंगाची परीक्षा होते. ओल्या नमुन्यावर पांढरा रुमाल दाबून घांसावा, आणि नमुना रुमालांत गुंडाळून तसाच वाळूं द्यावा. लाल, गर्द निळा व काळा या तीन रंगांवर विशेष नजर ठेवावी. रुमालाला रंग लागला, तर तें कापड दोन-तीन वेळां धुऊन पुन्हां परीक्षा घ्यावी. तरीहि लागला, तर तें पांढऱ्याशेजारीं लावूं नये. मिठाच्या पाण्यांत बुडविल्यानें रंग पक्का होतो, अशी समजूत घरोघर आहे. रंगविण्याच्या वेळीं मीठ रंगास धाग्याकडे ढकलण्यास मदत करतें; रंगलेल्या कापडाचा कच्चा रंग तें पक्का करीत नाहीं. १९५६ पासून बाजारांत आलेले रंग सुताशीं रासायनिक बंधनानें जोडले जातात आणि ते पुष्कळ पक्के असतात. त्यांतहि न चिकटलेला जादा रंग नीट धुऊन काढलेला नसेल, तर पहिल्या धुण्यांत पाणी रंगतें.

नव्या कापडासंबंधीं इतकें पुरे. जुनें कापड मिळालें तर तें अधिक चांगलें, पण जुनें म्हणून डोळे मिटून घेऊं नये. साडी उजेडासमोर धरून सावकाश सरकवावी. बसण्याच्या जागीं ती विरलेली असते, पायाशीं घांसलेली असते, घडीच्या रेघांवर चिरलेली असते. पदराकडील भाग व कांठ बहुधा शेवटपर्यंत टिकतात. संशयित जागा दोन्ही अंगठ्यांमध्यें धरून उभी, आडवी व तिरपी ताणावी. चरचर असा बारीक आवाज आला, तर तो भाग मधल्या थरांतहि घालूं नये. रंगानें कापड कुजतें, हेंहि लक्षांत असावें. एकोणिसाव्या शतकांतील पाश्चात्य रजयांत असें आढळतें कीं, शेजारचे तुकडे शाबूत असतां तपकिरी तुकडेच तेवढे झडून गेले आहेत. त्या रंगास पक्का करण्यासाठीं लोहाचे क्षार वापरीत, आणि त्या लोहानेंच सूत खाल्लें. डोळ्यांस जो रंग उत्तम टिकलेला दिसतो, त्याच्याखालचें सूत टिकलें आहे कीं नाहीं, हें ओढूनच पाहावें.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो गणवेशाचा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई पतीच्या निधनानंतर कांहीं महिन्यांनीं सदऱ्यांची चळत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे टाकवत नाहींत, आणि नुसते ठेवून तरी काय करूं? यांची गोधडी होईल का?" आम्हीं एक धागा जाळून पाहिला; राखेंत खडे लागले. कापड मिश्र होतें. तें जवळजवळ आटत नाहीं आणि फार चिवट असतें. तें विरलेल्या साडीशेजारीं लाविलें, तर ओढ बसतांच शिवणीलगत साडीच फाटणार. म्हणून अशा सदऱ्यांना जोडीदार तितकाच भक्कम हवा. धुऊन आटविलेला जाड मांजरपाट त्या कामीं येतो. अंगास लागणारें अस्तर सुतीच ठेवावें. यंत्राच्या तेलाचे डाग साबणाच्या कोमट पाण्यांत दोनदां धुवावे. नंतरहि वास राहिला, किंवा डागावर पाण्याचा थेंब न मुरतां उभा राहिला, तर तेवढा भाग कापून टाकावा. ठिणग्यांनीं भोंकें पडलेल्या बाह्या घेऊं नयेत. पाठीचा भाग सर्वांत मोठा व स्वच्छ मिळतो. त्या बाईंनीं पाठी घेतल्या, आणि एक खिसा मात्र तसाच, शिवणीसकट, मधोमध लाविला. ती गोधडी त्यांचा नातू पांघरतो. आठवणीच्या कापडालाहि तीच कसोटी लावावी. कारण तें फाटलें तर दुसरें आणतां येत नाहीं.

यावरून जो नियम निघतो, तो सर्व प्रकारच्या गोधड्यांस लागू आहे. एका गोधडींतील सर्व तुकडे वजनानें, चिवटपणानें आणि आटण्यानें शक्य तितके सारखे असावे. उत्तम आणि मध्यम कापड एकत्र शिवण्यापेक्षां सगळें मध्यम कापड बरें. टी-शर्टाचें विणकरी नसलेलें, ताणलें जाणारें कापड सुती साडीशीं कधींहि जोडूं नये. तें लोंबतें आणि शेजाऱ्यास ओढतें.

शेवटीं दोऱ्याविषयीं दोन शब्द. जाड नायलॉनचा दोरा बळकट असतो म्हणून पुष्कळ जणी तो आवडीनें घेतात. परंतु दोरा कापडाहून बलवान नसावा. वर्षानुवर्षांच्या वापरांत कांहीं तरी तुटणारच. तें काय तुटावें, हें आपण आधीं ठरवावयाचें असतें. सुती दोरा तुटला, तर तेवढी ओळ दुपारच्या फुरसतींत पुन्हां घालतां येते. बळकट दोऱ्यानें कापडच कापलें, तर सर्व गोधडी उसवावी लागते. तेव्हां पाव मीटर कापड, एक बादली, एक सुई, एक काडेपेटी आणि धीर, एवढी सामग्री जवळ ठेवा. कापड धुऊन, आटवून, रंग पाहून मगच बेता. नव्या कापडाकडून जुन्याचें काम घ्यावयाचें, तर त्याची परीक्षाहि आपणच घेतली पाहिजे.